तारेवरचं कुंकू

माझ्या पासपोर्टावर शिक्का होता: हाउसवाइफ, काम करायला परवानगी नाही. बहरीनच्या विमानतळावर तो मी पहिल्यांदा नीट वाचला आणि तिथंच नवऱ्याला म्हटलं, "अहो, हे काय लिहिलंय? मी बीपीएड झालेली बाई आहे!" हे म्हणाले, "फॅमिली व्हिसा तसाच असतो. चल, बॅग उचल." मी बॅग उचलली, पण तो शिक्का डोक्यात बसला तो बसलाच.

सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात मी खेळाची बाई होते. खो-खो, कबड्डी, लेझीम, पंधरा ऑगस्टची परेड, सगळं माझ्याकडे. माझी शिट्टी वाजली की ग्राउंडवरची पोरं जागच्या जागी उभी राहायची. एकदा तर ग्राउंड ओलांडणारे हेडमास्तरही थबकले, आणि मग उगाच बुटाची नाडी बांधायला वाकले. ती स्टीलची शिट्टी मी बहरीनला घेऊन आले, आणि इथं ती शिवणाच्या डब्यात सुयादोऱ्यांबरोबर पडली.

हे जनाबियात एका कंपाउंडचे मेंटेनन्स सुपरवायझर होते. कंपाउंड म्हणजे एका भिंतीच्या आत गोऱ्या साहेबांचे व्हिले, मध्ये पोहायचा तलाव, आणि गेटाशेजारच्या दोन खोल्यांत आम्ही. सगळ्यांचे एसी, पंप, गिझर यांच्या हातात. मुलगी इंग्रजी शाळेत जायला लागली आणि मराठीत विचारलेलं इंग्रजीत परत करायला लागली. मी दिवसभर काय करायचं? भाकरी, भाजी, धुणं, वाळवणं. वाईट काही नव्हतं हो. पण मी बसून राहणारी बाई नव्हे, आणि हे मी तेव्हाही जो भेटेल त्याला सांगत असे.

सगळ्यात जास्त टोचायचं ते खंडेनवमीला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे हत्यारांची पूजा असते. ज्यांच्यावर घर चालतं ती हत्यारं धुऊन पुसून पाटावर मांडायची, हळदकुंकू लावायचं, फूल वाहायचं, आणि मग त्यांना हात लावायचा नाही. दसऱ्याला सकाळी पूजा उतरली की मगच ती कामाला घ्यायची. हे आपले पाने, पक्कड, मीटर आणि पिकअपची किल्ली ओळीनं मांडायचे, मी निरांजन ओवाळायचे. पाटावर ठेवायला माझं असं काही नव्हतं. एका वर्षी यांनी चांगल्या मनानं विळी आणि लाटणं आणून ठेवलं. मी म्हटलं, "उचला ते आधी! मी काय लाटण्यावर मोठी झाले?" दसरा उलटेपर्यंत मी यांच्याशी धड बोलले नाही.

कोपऱ्यातल्या व्हिल्यात एक अमेरिकन म्हातारा राहायचा, तेलकंपनीतला इंजिनीअर. त्याच्या मागच्या अंगणात भिंतीशी वाळूच्या गोण्या रचलेल्या, त्यांच्यापुढे गवताचा भारा, आणि हा रोज संध्याकाळी त्या भाऱ्यावर तीर मारायचा. स्वतःच्या देशात त्याच धनुष्यानं तो हरणाची शिकार करायचा. आपल्या रामाच्या चित्रातलं धनुष्य नव्हे हं! दोन्ही टोकांना चाकं, मध्ये दोऱ्यांचा गुंता. ओढताना आधी जीव जातो, आणि एका जागी आलं की चाकं फिरून ओझं एकदम हलकं होतं. मी दोरीवरचे कपडे काढता काढता बघत राहायचे. एकदा त्याचा तीर भारा सोडून गोणीत घुसला आणि माझ्यानं राहवलं नाही. भिंतीवरून ओरडले, "युअर एल्बो इज लूज!"

म्हातारा वळला. "तू शिकवतेस का?" त्यानं त्याच्या भाषेत विचारलं.

"आय ॲम अ टीचर," मी म्हटलं. 'ॲम' म्हटलं, 'वॉज' नाही.

त्या दिवसापासून तो मला टीचर म्हणायला लागला. अख्ख्या बहरीनमध्ये तो एकटाच. त्यानं मला धनुष्य ओढायला शिकवलं, स्क्रू ढिले करून ते माझ्या ताकदीपुरतं हलकं करून दिलं, आणि शुक्रवारी आम्ही सगळे पिकअपमधून सखीरकडे जायचो. तेव्हा तिकडं मोटारशर्यतींचं सर्किट-बिर्किट काही नव्हतं, नुसती वाळू. मनगटाला बांधायचा एक चाप असतो, त्यानं दोरी पकडायची आणि बोटानं खटका दाबायचा. महिन्याभरात माझे तीर त्याच्या तिरांशेजारी लागायला लागले. यांना मी म्हटलं, "बघा, खांदा अजून माझाच आहे." हे म्हणाले, "खांद्याबद्दल कुणाला शंका होती?"

मग म्हाताऱ्याची नोकरी संपली आणि तो कायमचा घरी निघाला. जाताना त्याच्याकडची दोन धनुष्यं रिफातल्या एका इंग्रजी शाळेला देणार होता. शाळेला आणखीही काही परतणाऱ्या अमेरिकन कुटुंबांनी अशीच धनुष्यं दिली होती. ती न्यायला शाळेची खेळप्रमुख आली. इंग्लंडची मॅडम, उन्हानं लालबुंद, बोलायला तोडून टाकल्यासारखी. ती म्हाताऱ्याला म्हणाली, "धनुष्यं आली, पण शिकवणार कोण?" त्यानं सरळ आमच्या दाराकडे बोट केलं.

माझ्या हाताला पीठ लागलेलं होतं. तसाच हात मी पुढं केला आणि तिनंही तो तसाच धरला. तिनं माझी डिग्री विचारली, नोकरीची वर्षं विचारली आणि म्हणाली, "कागदावर ठीक आहे. पण तुला शिकवताना मी पाहिलेलं नाही. आमच्या मुलांना चाप द्यायचा नाही, ती बोटांनी दोरी सोडणार. यातलं एक धनुष्य बोटांनी मारण्याजोगं करून आण आणि मारून दाखव. मला पटलं, तर शाळा तुझ्या नावानं व्हिसा काढेल."

माझ्या नावानं! हाउसवाइफ नव्हे, टीचर. मला त्या रात्री झोप आली नाही असं म्हणणार नाही, मी गाढ झोपले. मी तर मनातल्या मनात शाळेत जाऊनसुद्धा आले होते.

आता गंमत ऐका. धनुष्याच्या मुठीच्या वर एक छोटा तुकडा असतो, त्यावर तीर टेकतो. त्याला रेस्ट म्हणतात. इवलासा असतो, पण तीर धनुष्य सोडताना शेवटचा त्यालाच शिवून जातो. तिथं जरा बिनसलं, की नेम कितीही चांगला असू द्या, सगळं मुसळ केरात. म्हाताऱ्यानं बिस्किटांच्या डब्यातून तीन रेस्ट काढून माझ्यापुढं ठेवले. एक नुसती प्लास्टिकची चिकटवायची पट्टी. एक दोन काट्यांचा, तीर खालून धरणारा. आणि एक तारेचा, म्हणजे खालून वाकवलेली बारीक तार आणि बाजूनं तिराला टेकणारं स्प्रिंगचं बटण.

"कुठला घेशील?" त्यानं विचारलं.

मी क्षणभरही न थांबता काट्यांचा उचलला. त्याच्या धनुष्याला तोच होता, त्यावर माझा हात बसलेला, आणि दिसायला तोच भारी. आमच्या ह्यांनी तो बसवून दिला. मी चाप बाजूला ठेवला, बोटांनी दोरी ओढली, आणि तीर काट्यांवरून खाली घसरला. पुन्हा ठेवला, पुन्हा घसरला. कसाबसा एक सुटला तो शेपूट हलवत गोणीत. म्हातारा खुर्चीत बसून चहा पीत होता. मी भडकले तेव्हा कुठं तो बोलला.

"रेस्ट धनुष्याकडे बघून निवडायचा नसतो, टीचर. सोडणाऱ्या हाताकडे बघून निवडायचा."

मग त्यानं समजावलं. चाप दोरीला सरळ सोडतो, त्यामुळं तीर वाकलाच तर वरखाली वाकतो आणि खालचे काटे त्याला सांभाळतात. बोटांवरून दोरी घरंगळत सुटते, जराशी आडवी सरकते, म्हणून तीर बाजूला वाकतो. त्याला बाजूनं टेकू हवा, आणि तोही दबणारा. म्हणजे बटण आणि तार. प्लास्टिकची पट्टी चालली असती, पण तिच्यात पुढंमागं काही करता येत नाही. प्रत्येक पोराचा हात वेगळा, तर जुळवून घेता येईल असाच रेस्ट हवा.

"हे आधी सांगता येत नव्हतं?" मी म्हटलं.

"आधी ऐकलं असतंस?"

"साहेबांनी बरोबर ओळखलंय," हे म्हणाले. त्यांच्याकडे मी असं बघितलं की ते पक्कड शोधायला निघून गेले.

तारेचा रेस्ट बसवला. तीर दोरीला काटकोनात बसेल अशी तारेची उंची केली, बटण आतबाहेर करून तीर मध्यावर आणला. मग म्हाताऱ्यानं एका लाकडी चौकटीत वर्तमानपत्राचा कागद ताणून लावला आणि जवळून त्यातून तीर मारायला सांगितला. तीर सरळ जात असेल तर कागदाला गोल भोक पडतं. माझ्या कागदाला आडवी चीर पडली. म्हणजे टोक सरळ आणि शेपूट बाजूला उडतंय. "बटण हलवून बघत राहा," तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी यांनीच त्याला विमानतळावर सोडलं. जाताना गाडीत बसून ओरडला, "गुड लक, टीचर!" मी नुसता हात हलवला.

मग मी आणि ती चीर. बटण आत घेतलं, चीर तशीच. बाहेर काढलं, तशीच. स्प्रिंग घट्ट केली, सैल केली, तार वर केली, खाली केली. घरातली सगळी वर्तमानपत्रं फाटली. कागद सांगायचा की शेपूट उडतंय, पण का उडतंय ते सांगायचा नाही. त्याच्या रिकाम्या अंगणातल्या भाऱ्यावर तीर लांब लांब लागायचे, एक इकडं, एक तिकडं. रागानं मी धनुष्यालाच शिव्या घातल्या. "मेलं हे वाकडंच आहे! चाकंच वाकडी असणार."

हे कपडे वाळत घालत होते. तिथूनच म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं."

"तुम्ही गप्प बसा! तुमचा एसी बंद पडला तर मी असं म्हणते का?"

"म्हणतेस," हे म्हणाले. खरं होतं ते. मॅडमनी शुक्रवारची सकाळ दिली होती, नेमका दसरा. अशी संधी त्या बेटावर मला पुन्हा कोण देणार होतं? हे असंच राहिलं तर मी होते तिथंच, गेटाशेजारच्या दोन खोल्यांत, शिक्क्याच्या आत.

गुरुवार, खंडेनवमी. मला वाटलं होतं, दिवस हाताशी आहे, काहीतरी सापडेलच. आंघोळ करून बाहेर आले तर यांनी पाट मांडलेला. पाने, पक्कड, मीटर, किल्ली, आणि मधोमध धनुष्य. मनामाच्या देवळाच्या गल्लीतून झेंडू आणलेले होते. आपट्याची पानं मफी, म्हणजे तिथं मिळतच नाहीत, तर मेंदीच्या दोन डहाळ्या तोडून आणलेल्या. आणि धनुष्याला कुंकू! मुठीला, चाकांना, दोरीला, आणि त्या रेस्टच्या तारेलासुद्धा टोकापासून मुळापर्यंत. धातूला कुंकू चिकटत नाही म्हणून यांनी तेलाचं बोट आधी फिरवलं होतं.

"अहो, काय केलंत हे! ती तार केसभर हलली तर चालत नाही, आणि तुम्ही तिला तेल चोपडलंत?"

"हत्यार आहे ना तुझं? मग पूजा नको?"

"उद्या माझी परीक्षा आहे! मला आज हात चालवायचाय!"

"आज नाही," हे शांतपणे म्हणाले. "आज हत्याराला हात नाही लावायचा. तुझ्याच माहेरी सगळ्यांत कडक पाळतात. तुझ्या भावाची विहिरीवरची मोटारसुद्धा बंद असते आज."

माझंच माहेर माझ्या गळ्यात. मी एवढी चिडले की पाटावर आणखी काय काय मांडलंय तेही नीट पाहिलं नाही. निरांजन ओवाळलं, डोळे मिटले आणि देवीला म्हटलं, तुझ्या नियमापायी दिवस गेला माझा, आता तूच बघ बाई.

दसऱ्याला उजाडताच पूजा उतरवली. निघायला थोडा वेळ होता. तार पुसत बसले असते तर तिची जागा हलली असती, म्हणून तशीच राहू दिली. म्हटलं, एक तर मारून बघू, हात तरी मोकळा होईल. कुंकवासकट तीर ठेवला आणि सोडला. तो नेहमीसारखाच शेपूट हलवत गेला. ओढून काढायला गेले आणि हात तिथंच थांबला.

तिराच्या मागं तीन पिसं असतात, आमची पांढऱ्या प्लास्टिकची होती. त्यातल्या खालच्या एका पिसाच्या कडेला लाल रेघ उमटली होती. कुंकवाची.

"अहो!" मी अशी ओरडले की हे अर्धी दाढी केलेले बाहेर आले. "अंगण खरंच वाकडं होतं! हे बघा, पीस तारेला घासतंय!"

इतके दिवस मी बटण फिरवत होते आणि दुखणं तिथं नव्हतंच. तारेचं टोक तिराखालून जरा जास्त बाहेर आलेलं. दोरी सुटली की तीर सरळ निघायचा, आणि जाता जाता पिसाला त्या टोकाचा फटका बसायचा. यांनी पकडीनं तार आत वाकवली. तिराच्या मागं दोरीत अडकवायची खाच असते, ती मी जराशी फिरवली, म्हणजे पीस तारेच्या वाटेतून दूर झालं. मग देवघरातून करंडा आणून तारेला मीच पुन्हा तेल आणि कुंकू लावलं. तीर मारला. पिसं तिन्ही कोरी. कागदातून मारला. गोल भोक! मी त्या भोकातून यांच्याकडे बघितलं. अर्ध्या दाढीचे हे हसत होते.

"लाव अजून देवीला नावं," म्हणाले. "यल्ला, चल आता, उशीर होतोय."

शाळेच्या ग्राउंडवर मॅडम उभ्या होत्या. सुट्टीचा दिवस, तरी शिक्षकांची काही मुलं त्यांनी बोलावून ठेवली होती. हे पिकअपमध्येच थांबले. मी रेघेवर उभी राहिले, दोरी बोटांना कापू नये म्हणून चामड्याची पट्टी घातली आणि सगळे तीर एका दमात मारले. तळहाताखाली झाकले जातील एवढ्यात सगळे. मॅडम जवळ गेल्या, परत आल्या, रेस्ट निरखू लागल्या.

"हे लाल काय आहे?"

मी सांगितलं. पूजा आणि तेल, पिसावरची रेघ, सगळं. माझ्या इंग्रजीला त्या दिवशी पंख फुटले होते. मॅडम पहिल्यांदा हसल्या. "आमच्या क्लबात आम्ही हेच लिपस्टिकनं करतो."

"मी लिपस्टिक लावत नाही," मी म्हटलं. हातची सोय असताना उसनं कशाला?

"ठीक. तीर मारता येतो तुला. पण मला तीर मारणारी नकोय," मॅडम म्हणाल्या. "मुलांच्या हातात धनुष्य दे. शिट्टी आणलीस ना? एक शिट्टी म्हणजे मारा, सलग शिट्ट्या म्हणजे असेल ते खाली ठेवा."

शिट्टी! ती कुठली? ती तर घरी शिवणाच्या डब्यात. नाही म्हणायची लाज वाटली म्हणून मी उगाच पिशवीत हात घातला, आणि बोटांना रुमालात गुंडाळलेलं काहीतरी लागलं. सोडलं तर माझी स्टीलची शिट्टी. दोरी नवीन ओवलेली, वर झेंडूची पाकळी चिकटलेली, आणि तोंडाला कुंकू. काल ती पाटावर होती. धनुष्याच्या शेजारीच असणार. मी भांडायच्या नादात पाहिलीच नव्हती.

पाकळी झटकून मी ती गळ्यात घातली. मुलांना उभं राहायला शिकवलं, कोपरं धरून नीट केली. एक शिट्टी दिली, त्यांनी मारायला सुरुवात केली. एवढ्यात कडेच्या मुलीचा तीर रेस्टवरून घसरून पुढं पडला, आणि ती पोर तो उचलायला सरळ रेघेपलीकडे वाकली. शेजारच्या पोराची दोरी कानापर्यंत ओढलेली होती.

मी वाजवली. जीव खाऊन, सलग.

सगळं ग्राउंड जागच्या जागी थांबलं. ओढलेल्या दोऱ्या हळूहळू परत गेल्या, धनुष्यं खाली टेकली. ती मुलगी वाकलेलीच राहिली. मी गेले, तिला हाताला धरून रेघेमागं आणली आणि मराठीतच म्हटलं, "बाळा, शिट्टीशिवाय रेघ ओलांडायची नाही." तिला एक शब्द कळला नसेल, पण तिनं मान हलवली.

मॅडम म्हणाल्या, "शनिवारपासून ये. कागद मी करते." मी थँक्यू म्हटलं की नाही आठवत नाही.

पिकअपमध्ये येऊन बसले. ह्यांनी नेम विचारला नाही, व्हिसाचं विचारलं नाही, मॅडम काय म्हणाल्या तेही नाही. किल्लीवर हात ठेवून एवढंच विचारलं, "वाजली का?"

मला रडूच फुटलं. मी त्यांच्याकडे तोंड केलं. त्यांनी पाहिलं आणि रुमाल काढून पुढं धरला. माझे ओठ कुंकवानं लाल झाले होते.

"राहू द्या," मी म्हटलं. "घरी जाईपर्यंत राहू द्या."